ओन्नी, म्हणजे

मी युकात दगड कोरतो. पंचेचाळीस वर्षं झाली.
काळा ग्रॅनाइट, आणि त्यावर माणसं:
नाव, आडनाव, दोन तारखा, मधे एक आडवी रेघ.
रेघेचे पैसे आम्ही घेत नाही.

ओन्नी कोरायला तसं सोपं.
दोन एन, शेवटी आयची उभी काठी.
फक्त सुरुवातीचा ओ त्रास देतो.
छिन्नीला सरळ जायची सवय,
गोल फिरवताना कुठेतरी हट्ट करते.
वडील म्हणायचे, ओ जमला की झालास कारागीर.

आमच्या भाषेत ओन्नी म्हणजे सुख.
आणि ओन्नी म्हणजे नशीब.
दोहोंना एकच शब्द. वेगळे का केले नाहीत, कोण जाणे.
हिवाळा लांब असतो इथला,
शब्दही पुरवून वापरावे लागत असतील.

संताचं नाव नाही हे, राजाचंही नाही.
कधीतरी कुणीतरी घरातला रोजचा शब्द उचलला
आणि पाळण्यात ठेवला.
मग शंभर वर्षांमागे लाटच आली,
चर्चच्या वहीत पानोपानी ओन्नी:
गवंडी ओन्नी, लाकूडतोड्या ओन्नी, चोरून दारू गाळणारा ओन्नी,
एक ओन्नी तर बर्फ फुटून तीनदा तळ्यात पडला
आणि तीनदा निघाला.

माझा मामा त्यांतलाच. जन्म एकोणीसशे अठराचा,
पिठात पाइनची साल कुटून घालायचं वर्ष.
घरात काही नव्हतं, तेव्हा आजोबांनी
नाव तरी भरलेलं ठेवलं.
एकविसाव्या वर्षी तो युद्धावरून परत आला,
मार्चमध्ये, घोड्याच्या स्लेजवरून,
पेटीत.

त्यानंतर आईनं तो शब्द टाकला.
नाव नव्हे, शब्दच.
आणि आमच्याकडे त्यावाचून पावलोपावली अडतं.
अभिनंदन म्हणजे ओन्नेक्सी ओल्कोन, ओन्नी लाभो.
अपघात म्हणजे ओन्नेत्तोमूस, ओन्नी नसणं.
करवतीत वडिलांची दोन बोटं गेली
तेव्हा ती शेजारच्या दारात उभी राहून म्हणाली,
आमच्याकडे... ते झालंय.
वाढदिवसाला माझा हात नुसता घट्ट दाबायची,
वेलचीचा एक पाव जास्त वाढायची.
मला वाटे, सगळ्यांच्या आया असंच करतात.
तिचं नाव हिल्या. म्हणजे शांत.

लाट ओसरली. माझ्या वर्गात सगळे सेप्पो, कारी, तिमो.
ओन्नी मी फक्त कोरला, कधी हाक मारली नाही.
म्हातारे ओन्नी एकेक करून माझ्याकडे आले,
आणि शेवटचा आला त्या संध्याकाळी
छिन्नी पुसताना वाटलं,
आता हात हा ओ विसरणार.

चार वर्षांमागे पुतणीच्या मुलाचं बारसं.
तोवर नाव कुणाला सांगायचं नसतं.
पाद्रीबाईंनी विचारलं, ईदानं सांगितलं,
आणि मी खुर्चीची पाठ धरली.
नंतर विचारलं, मामाचं ठेवलंस?
कुठला मामा, काका? आजकाल बरेच जण ठेवतात.
छान वाटतं ऐकायला.
रागावलो नाही. उलट बरंच वाटलं,
नुकता घासलेला कोरा दगड बघावा तसं.

मग कॉफी, शुभेच्छांची रांग, रांगेत माझी पाळी.
सवयीनं मी ईदाचा हात दाबला. गप्प.
पुढे ढकलला गेलो, पुन्हा मागे आलो,
आणि बाळाकडे वाकून म्हटलं,
ओन्नेक्सी ओल्कोन, ओन्नी.
एका दमात दोनदा.
आईच्या खात्यावरचं काही फिटलं की नाही, माहीत नाही.

आता पाळणाघरात त्याच्या खुंटीवर लिहिलंय: ओन्नी प.
बाजूला साळिंदराचं चित्र.
पलीकडे ओन्नी क., खिडकीपाशी ओन्नी र.
काल आणायला मी गेलो. दारातूनच हाक मारली.
तिघंही वळली.
एकाचे बूट उलट्या पायांत होते.
तो आमचा.